वीतभर पाण्यावरची होडी

समुद्रावरील मासेमारी म्हटली कीं खोल पाणी, उंच लाटा, शिडांचीं गलबतें आणि दूरवर पसरलेलीं जाळीं हें चित्र डोळ्यांसमोर उभें राहतें. समुद्र जितका खोल तितका मासा मोठा, असाहि एक सर्वसाधारण समज आहे. परंतु या समजाला धक्का देणारा एक धंदा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेलीं ऐंशी-नव्वद वर्षें चालत आलेला आहे. या धंद्यांतील होडी खोल पाण्यासाठीं बांधलेली नसते. पाणी किती कमी असलें तरी तिला चालेल, यावरून तिची किंमत ठरते.

फ्लॉरिडा हें त्या देशाचें अगदीं आग्नेय टोकाचें संस्थान. त्याच्या दक्षिण टोकापासून नैर्ऋत्येकडे शंभर मैलांहून अधिक लांबीची बेटांची एक माळ गेलेली आहे. या बेटांस ‘कीज’ असें म्हणतात. माळेच्या एका अंगास अटलांटिक महासागर व दुसऱ्या अंगास फ्लॉरिडाचा उपसागर. या उपसागराचा बराच भाग पुरुषभरहि खोल नाहीं. बेटांच्या दोन्ही अंगांस उथळ पाण्याचीं विस्तीर्ण मैदानें पसरलेलीं आहेत. भरतीच्या वेळीं त्यांवर गुडघाभर किंवा कमरेइतकें पाणी चढतें, आणि ओहोटीच्या वेळीं कांहीं ठिकाणीं तळाचें गवत उघडें पडतें. तेथील लोक या मैदानांस ‘फ्लॅट्स’ म्हणतात. याच पाण्यांत तीन जातींचे मासे चरावयास येतात, आणि त्यांच्या मागावर जाण्यासाठीं माणसानें एक निराळी होडी, निराळा गळ आणि निराळ्या प्रकारचा वाटाड्या निर्माण केला आहे.

या तीन माशांचीं नांवें बोनफिश, परमिट व टार्पन अशीं आहेत. बोनफिश आकारानें लहान. चारपांच पौंडांपासून दहाबारा पौंडांपर्यंत त्याचें वजन भरतें. त्याचे खवले आरशासारखे असतात, आणि त्यांत भोंवतालच्या वाळूचें व गवताचें प्रतिबिंब पडल्यामुळें स्वच्छ पाण्यांतहि तो दिसत नाहीं. दिसते ती त्याची तळावर पडलेली सावली. परमिट रुंद व चपटा असून तो खेकड्यांवर जगतो, आणि तिघांत तो सर्वांत संशयी मानला जातो. टार्पन हा त्यांतील राक्षस. शंभर पौंडांचा टार्पन ही तेथें नवलाची गोष्ट नाहीं, आणि त्याचा एकेक खवला माणसाच्या तळहाताएवढा भरतो. टार्पन अधूनमधून पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो, त्यामुळें ज्या कोंदट पाण्यांत दुसरे मासे गुदमरतात तेथेंहि तो राहूं शकतो. याच टार्पनचा एक धाकटा भाऊबंद हिंदी महासागराच्या खाड्यांतूनहि आढळतो.

एवढे मोठे मासे इतक्या थोड्या पाण्यांत कां येतात, असा प्रश्न सहाजिकच उत्पन्न होतो. त्याचें उत्तर पायांखालच्या गवतांत आहे. या मैदानांवर समुद्रगवताची दाट पैदास असते. हें शेवाळ नव्हे. याला मुळें असतात, फुलें येतात, आणि जमिनीवरील गवताप्रमाणेंच तें चिखल धरून ठेवतें. या गवतांत कोळंबी, लहान खेकडे, गोगलगाई व किडे लक्षावधि संख्येनें वाढतात. भरती चढूं लागली कीं बोनफिशचे थवे कांठावरून आंत शिरतात, डोकें खालीं करून चिखल उकरतात, आणि पाणी फारच उथळ असलें तर त्यांच्या शेपट्यांचीं टोंकें पाण्यावर चमकूं लागतात. पोट भरण्याची ही जागा खरी. पण तीच जिवाच्या भीतीचीहि जागा आहे. वरून समुद्रगरुड, मागून शार्क, आणि खालीं बुडी मारण्यास जागा नाहीं. म्हणून या माशाची सारी इंद्रियें सदैव जागीं असतात. एक पडछाया, एक टकटक, होडीच्या तळावर आपटलेली एक लहानशी लाट, एवढ्यावर सारा थवा दिसेनासा होतो.

होडीची रचना समजण्यास माशाची ही भीति प्रथम समजून घेतली पाहिजे. कारण त्या होडीची प्रत्येक फळी या भीतीचा विचार करूनच बसविलेली असते.

या धंद्याचा इतिहास फार जुना नाहीं. हेन्री फ्लॅगलर या धनिकानें बेटाबेटांवरून पूल बांधीत आपली आगगाडी १९१२ सालीं थेट की वेस्टपर्यंत नेली. तिच्याच वाटेवर लाँग की या बेटावर मासेमारीची एक छावणी निघाली, आणि झेन ग्रे यासारख्या लोकप्रिय कादंबरीकारानें तेथील माशांचीं वर्णनें घरोघर पोंचविलीं. २ सप्टेंबर १९३५ रोजीं या बेटांवर जें चक्रीवादळ कोसळलें त्यांत चारशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं, ती छावणी नाहींशी झाली आणि आगगाडीचा मार्ग वाहून गेला. तो पुन्हां बांधला गेला नाहीं. त्याच्या पुलांवरून मोटारीचा रस्ता करण्यांत आला व तो १९३८ सालीं खुला झाला. आगगाडीनें श्रीमंत येत असत. रस्त्यानें मध्यम स्थितींतील माणूसहि गळाची काठी घेऊन येऊं लागला. त्याला पाण्याची माहिती नव्हती. ज्यांना ती होती असे कोळी व होडीवाले त्याचे वाटाडे झाले.

या वाटाड्यांत स्त्रियाहि होत्या, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. इस्लामोराडा या गांवीं बॉनी स्मिथ व फ्रँकी ऑल्ब्राइट या दोघी सख्ख्या बहिणी स्वतः होडी हांकून गिऱ्हाइकांस मासे दाखवीत, आणि त्यांचें नांव पुरुष वाटाड्यांच्या बरोबरीनें घेतलें जाई. फ्रँकीचा पति जिमी ऑल्ब्राइट हा तर या विद्येचा एक आचार्यच म्हणावयास हरकत नाहीं. जाड व बारीक अशा दोन दोऱ्या जोडण्याची एक गांठ आजहि त्याच्या नांवानें ओळखली जाते. १९४७ सालीं त्याच्याच होडीवरून जो ब्रूक्स या लेखकानें कृत्रिम माशीचा गळ टाकून बोनफिश धरले. हा मासा केवळ जिवंत कोळंबीस भुलतो ही समजूत त्याच्या लेखांनीं दूर केली, आणि पिसांच्या माशीनें त्याची शिकार करण्याची हौस देशभर पसरली.

आतां त्या होडीकडे वळूं या. आरंभींच्या होड्या लाकडाच्या किंवा जाड प्लायवुडाच्या, सपाट तळाच्या व बऱ्याच वजनदार असत. त्यांत एक मोठी अडचण होती. तळ सपाट केला तर होडी थोड्या पाण्यांत चालते, पण वाटेंतील लाटांवर ती आपटते व आंत बसलेल्यांचीं हाडें खिळखिळीं होतात. तळाला नांगराच्या फाळाप्रमाणें धार दिली तर ती लाटा कापते, पण अधिक बुडते. बेटांपासून चांगल्या मैदानापर्यंत कित्येकदां वीस-तीस मैल उघड्या पाण्यांतून जावें लागतें, म्हणून दोन्ही गुण एकाच होडींत हवे असत. पुढच्या बाजूस धारदार व मागें जातां जातां जवळजवळ सपाट होत जाणारा तळ, ही या अडचणींतून निघालेली तडजोड. मायामीच्या बॉब ह्यूज यानें १९६० नंतरच्या दशकांत कांचतंतूची, म्हणजे फायबरग्लासची, जी बोनफिशर नांवाची होडी तयार केली ती या जातीच्या होड्यांत फार प्रसिद्धि पावली. पुढें कार्बन व केव्हलर यांच्या धाग्यांचें कापड राळेंत भिजवून त्याचे पातळ व बळकट सांगाडे तयार होऊं लागले. आजची उत्तम होडी सोळा ते अठरा फूट लांब असून दोन-तीन माणसें व यंत्र यांसकट ती पांचसहा इंच पाण्यांत तरंगते. वीत म्हणजे सुमारें नऊ इंच. तेव्हां वीतभर पाणी तिला पुरून उरतें, असें म्हटलें तर त्यांत अतिशयोक्ति होणार नाहीं.

तरंगणें ही एक गोष्ट झाली. नि:शब्द तरंगणें ही दुसरी. बारीक लहरी होडीच्या कडेखालच्या कोनाड्यांत शिरल्या कीं टपटप असा आवाज होतो. माणसाला तो ऐकूंहि येत नाहीं, परंतु पाण्यांत आवाज हवेपेक्षां सुमारें चौपट वेगानें जातो, आणि माशाला तो धोक्याच्या घंटेसारखा वाटतो. म्हणून कडांचा आंकार असा ठेवतात कीं स्थिर असतांना लहरींस आपटावयास कोपराच मिळूं नये. पेट्यांच्या झांकणांस रबराच्या पट्ट्या असतात, म्हणजे तीं बंद होतांना वाजत नाहींत. गळाच्या काठ्या कडेच्या आंतल्या बाजूस आडव्या निजवून ठेवलेल्या असतात. पुढच्या तक्तपोशीवर एकहि खुंटी, कडी किंवा खिळा वर आलेला नसतो. कारण गळ टाकणाऱ्याच्या पायांशीं दोरीचीं सैल वेटोळीं पडलेलीं असतात, आणि ऐन वेळीं एखादें वेटोळें अडकलें तर दिवसाचे कष्ट फुकट जातात.

मैदानाच्या कडेशीं आल्यावर यंत्र बंद करून पाण्याबाहेर उचललें जातें, आणि येथून पुढें होडी चालते ती एका लांब काठीनें. ही काठी अठरा ते एकवीस फूट लांब असते. पूर्वी ती लाकडाची असे. मग फायबरग्लासची झाली. आतां ती कार्बनची व म्हणून फार हलकी असते. तिच्या एका टोंकास बेचक्यासारखा पाय असतो, त्यामुळें ती चिखलांत रुतत नाहीं. दुसरें टोंक अणकुचीदार असून तें तळांत रोवलें कीं होडी त्याला बांधून जागच्या जागीं उभी करतां येते, व नांगराचा खळखळाट करावा लागत नाहीं. कोंकणांतील खाडींत बांबू टेंकीत होडी नेणारा नावाडी ज्यानें पाहिला असेल त्याला ही क्रिया अपरिचित वाटणार नाहीं. भेद इतकाच कीं खाडीच्या नावाड्याला पलीकडे पोंचावयाचें असतें, आणि या वाटाड्याला माशाच्या नकळत त्याच्या जवळ जावयाचें असतें. काठी खडकावर वाजतां कामा नये, पाण्यांतून उचलतांना ती ठिबकतां कामा नये, आणि वाऱ्याविरुद्ध तासन् तास होडी रेटतांना वाटाड्याच्या खांद्यांनीं दमहि खातां कामा नये.

१९७० नंतरच्या दशकांत या होडीला एक नवा अवयव फुटला. बिस्केन उपसागरांतील बिल कर्टिस या वाटाड्यानें पिछाडीला, यंत्राच्या वर, नळ्यांचें एक लहानसें मचाण उभारलें. निदान त्याचें श्रेय सामान्यतः त्यालाच दिलें जातें. तोंपर्यंत वाटाडे होडीच्या तक्तपोशीवरच उभे राहून काठी चालवीत. मचाणावर चढल्यामुळें माणसाचे डोळे आणखी तीन-चार फूट वर गेले, आणि तेवढ्यानें पाण्याकडे पाहण्याचा कोन पालटून दूरचा मासा आधीं दिसूं लागला. आज असें मचाण नसलेली या धंद्यांतील होडी क्वचितच दृष्टीस पडते. दुसरें साहाय्य चष्म्याचें. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश बहुतांशीं एकाच दिशेनें, आडवा, कंप पावत असतो. तेवढाच प्रकाश अडविणारी कांच डोळ्यांवर असली कीं पाण्यावरची चकाकी नाहींशी होते आणि तळ दिसूं लागतो. एडविन लँड या शास्त्रज्ञाच्या शोधामुळें असे चष्मे १९३० नंतरच्या दशकांत बाजारांत आले. त्यापूर्वीचे वाटाडे केवळ टोपीच्या कडेवर व अनुभवावर विसंबून मासे कसे शोधीत, याचें आज आश्चर्य वाटतें.

अशी ही तयारी झाल्यावर खरा प्रसंग कसा घडतो, याची श्रोत्यांनीं कल्पना करावी. पुढच्या टोंकावर गळ टाकणारा उभा आहे, पिछाडीच्या मचाणावर वाटाडा. दोघांमध्यें पंधरा फुटांचें अंतर. वाटाड्याला मासा दिसला आहे, दुसऱ्याला नाहीं. बोट दाखविण्यांत अर्थ नाहीं, कारण दुसरा मागें वळून पाहील तोंवर वेळ निघून जाईल. म्हणून होडी हेंच घड्याळ मानलेलें असतें. पुढचें नाक म्हणजे बारा. वाटाड्या हळूच म्हणतो, ‘अकरा वाजतां, पन्नास फूट, उजवीकडे चालला आहे.’ एवढ्या शब्दांवर त्या माणसानें दोरी सोडावयाची, वाऱ्याचा अंदाज घ्यावयाचा आणि माशी माशाच्या वाटेवर, त्याच्या पुढें तीन-चार फुटांवर, पान पडावें तशी टाकावयाची. माशावर ती पडली तर तो पळतो. फार दूर पडली तर त्याला ती दिसत नाहीं. या सगळ्याला मिळणारा अवकाश बहुधा आठदहा सेकंदांचा. दिवसभरांत असे प्रसंग चार-सहा आले तर तो दिवस चांगला गेला असें समजतात.

गळाचें साहित्यहि होडीप्रमाणेंच हलकें पण बळकट होत आलेलें आहे. येथें ‘माशी’ म्हणजे पिसें, केंस व धागे गळावर गुंडाळून केलेली कोळंबीची अगर खेकड्याची नक्कल. तिला स्वतःचें वजन जवळजवळ नसतें. म्हणून ती दगडासारखी भिरकावतां येत नाहीं. वजन दोरींत असतें. आसुडाप्रमाणें काठीनें ती जाड दोरी मागें-पुढें फेंकावयाची, आणि शेवटीं तिच्याबरोबर माशी जाते. दोरीच्या वजनावरून तिला क्रमांक देतात व काठीलाहि तोच क्रमांक लावतात. बोनफिशसाठीं आठ क्रमांकाची, परमिटसाठीं नऊ-दहाची, आणि टार्पनसाठीं अकरा-बाराची काठी सामान्यतः वापरतात. काठीची लांबी मात्र बहुधा नऊ फूटच असते. ज्यांना ही फेंक साधत नाहीं ते लहान फिरकीच्या रिळावर बारीक दोरी गुंडाळून जिवंत कोळंबी टाकतात, आणि त्यांनाहि मासा मिळतो. यांत कोणतीहि कमीपणाची गोष्ट नाहीं.

या काठीचा पूर्वेतिहास हिंदुस्थानाशीं थोडा जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकन कारागीर बांबूच्या चिरफळ्या तासून व सहा पट्ट्या एकत्र चिकटवून काठ्या करीत, तेव्हां त्यांचा बांबू हिंदुस्थानांतून जाई व ‘कलकत्ता वेत’ या नांवानें विकला जाई. पुढें चीनमधील टोंकिन जातीच्या बांबूनें त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतूच्या, व १९७० नंतर कार्बनच्या काठ्या आल्या. दोरी आधीं तेल पाजलेल्या रेशमाची असे व रोज वाळवावी लागे. तिच्या टोंकाचा अदृश्य भाग रेशमाच्या किड्याच्या रेशीमग्रंथींपासून ओढलेल्या तंतूचा असे, आणि वापरापूर्वीं तो भिजत ठेवावा लागे. नायलॉनचा शोध १९३८ सालीं जाहीर झाल्यावर ही सगळी खटपट हळूहळू संपली.

रिळाचें काम येथें दोरी सांठविण्यापुरतें नाहीं. गळ लागलेला बोनफिश खोल जाऊं शकत नाहीं. तो सरळ पळत सुटतो, आणि पहिल्याच धांवेंत शंभर यार्ड दोरी ओढून नेतो. त्या वेळीं रिळाचा लगाम, म्हणजे दोरीला होणारा विरोध, सारखा व गुळगुळीत हवा. एक हिसका बसला कीं दोरी तुटते. खाऱ्या पाण्यानें गंजणार नाहीं असा धातु आणि दोनशें यार्ड जास्तीची बारीक दोरी हीं त्या रिळाचीं आवश्यक अंगें होत. टार्पनची गोष्ट आणखी निराळी. तो पाण्याबाहेर अंगभर उसळतो व हवेंत डोकें झटकतो. त्या क्षणीं ताणलेली दोरी तुटूं नये म्हणून काठी त्याच्या दिशेनें खालीं झुकवावी लागते. वाटाडे याला ‘राजाला नमस्कार करणें’ असें म्हणतात.

इतकें करून हातीं आलेला मासा खाण्यासाठीं नेला जात नाहीं. फ्लॉरिडांत २०१३ सालापासून बोनफिश सोडून देणें कायद्यानें बंधनकारक आहे, आणि टार्पनहि अगदीं अपवादानेंच ठेवतां येतो. पण त्यापूर्वीं कित्येक वर्षें वाटाड्यांनीं हा नियम आपण होऊन पाळावयास आरंभ केला होता. कारण मेलेला मासा एकदांच गिऱ्हाईक आणतो, जिवंत मासा पुनःपुन्हां आणतो. सोडण्याचेंहि एक शास्त्र झालें आहे. गळाचा उलटा कांटा चेपून टाकलेला असतो, हात ओले करूनच माशाला धरतात, व होतां होईल तों त्याला पाण्याबाहेर काढीत नाहींत. अंगावरचा बुळबुळीत थर निघाला किंवा तोल सुटलेला मासा सोडला, तर टपून बसलेल्या शार्कचें तें भक्ष्य होतें. येथें साहित्याविषयींचा एक जुना अभिमान उलटा ठरला आहे. बारीकांत बारीक दोरीवर मोठ्यांत मोठा मासा तासभर खेळविणें हें पूर्वीं कौशल्य समजलें जाई. आतां जाणते वाटाडे जाड दोरी व जोरकस काठी देतात, म्हणजे झुंज लवकर संपते आणि मासा दमून मरत नाहीं.

तथापि माशाला सोडल्यानें सारें भागलें असें नाहीं. त्याचें घर शाबूत राहिलें पाहिजे, आणि या ठिकाणीं त्या सुंदर होडीचाच दोष पुढें येतो. कासवगवत या नांवाचें जें समुद्रगवत तेथें वाढतें, त्याचीं आडवीं मुळें चिखलाखालीं असतात व तीं अतिशय सावकाश वाढतात. यंत्राचा पंखा उथळ पाण्यांत फिरला कीं त्या मुळांसकट चिखल कापला जाऊन लांब पांढरा चर पडतो. तो भरून येण्यास दहा वर्षें, किंवा त्याहूनहि अधिक काळ लागतो. कधीं कधीं लाटांनीं तो रुंदावतच जातो. फ्लॉरिडा उपसागराचा मोठा भाग १९४७ सालीं स्थापन झालेल्या एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानांत मोडतो. या उद्यानानें हवाई छायाचित्रांवरून केलेल्या पाहणींत, २००८ सालीं, अशा चरांची एकूण लांबी तीनशें मैलांहून अधिक भरली.

यांतील विसंगति विचार करण्यासारखी आहे. होडी जों जों कमी पाण्यांत तरंगूं लागली, तों तों पूर्वीं जेथें कोणी पोंचूं शकत नव्हतें तेथें माणसें पोंचूं लागलीं. काठीनें पोंचलीं तर फारसें बिघडत नाहीं. परंतु हलकी होडी व जोरदार यंत्र यांमुळें काठीचा कंटाळा करण्याचीहि सोय झाली. दीड तास होडी रेटण्याऐवजीं दोन मिनिटांत मैदान ओलांडण्याचा मोह नवख्या मालकाला आंवरत नाहीं. मासे बिथरतात, चर पडतो, आणि त्या जागेचा तो दिवस सर्वांसाठींच संपतो. थोड्या पाण्यांत जाण्याची शक्ति माणसाला आली; तेथें किती हळू जावें हें मात्र कोणत्याहि कारखान्याला होडीबरोबर विकतां आलेलें नाहीं.

यावर कांहीं उपाय झाले आहेत. २०११ सालीं त्या उद्यानानें स्नेक बाइट नांवाच्या उथळ भागांत पंख्याचें यंत्र चालविण्यास बंदी केली. तेथें काठीनें, वल्ह्यानें किंवा विजेच्या लहान यंत्रानेंच जातां येतें. त्यानंतरच्या योजनेनें असे आणखी भाग राखून ठेवण्यांत आले. या बंदीचे समर्थक वाटाड्यांमध्येंहि होते, ही समाधानाची गोष्ट होय. बोनफिश अँड टार्पन ट्रस्ट ही संस्था १९९८ सालीं निघाली ती याच माशांच्या संशोधनासाठीं. कीजमधील या मासेमारीपासून वर्षास ४६ कोटि डॉलरांहून अधिक उलाढाल होते, असा तिचा अंदाज आहे. म्हणजे त्या गवतावर कित्येक कुटुंबांची भाकरी अवलंबून आहे.

पण सर्वच संकटें काठीनें टळणारीं नाहींत. जमिनीवरून येणारें गोडें पाणी माणसानें कालवे काढून वळविलें, त्यामुळें उपसागराचा खारेपणा वाढला, आणि १९८७ सालीं व पुन्हां २०१५ सालीं गवताचीं मोठमोठीं मैदानें मरून गेलीं. जानेवारी २०१० मधील कडाक्याच्या थंडीनें असंख्य मासे मेले. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत तर तपासलेल्या ९३ बोनफिशपैकीं प्रत्येकाच्या शरीरांत माणसांच्या औषधांचे अंश सांपडले. सरासरीनें एकेका माशांत सात औषधें, आणि एकांत सतरा. सांडपाण्यावाटे हीं औषधें समुद्रास मिळतात. ज्याचें अस्तित्व केवळ सावलीवरून ओळखावें लागतें त्या माशापर्यंत शहरांतील औषधाची बाटली पोंचली आहे, आणि तिला अडविण्यास मचाणावरचा वाटाड्या असमर्थ आहे.

तरी त्याच्या हातांत एक गोष्ट उरते. सकाळीं मैदानाच्या कडेशीं आल्यावर यंत्र नेमकें कोठें बंद करावयाचें, हें त्यालाच ठरवावें लागतें. घाईचा माणूस आणखी शंभर यार्ड पुढें जातो. जुना जाणता वाटाड्या शंभर यार्ड अलीकडेच थांबतो, यंत्र वर उचलतो, मचाणावर चढतो व काठी हातांत घेतो. गिऱ्हाईक बहुधा अधीर झालेलें असतें. त्याला हा वेळ फुकट चालला असें वाटतें. त्या शंभर यार्डांत वाटाड्याचे खांदे दुखतात, आणि पाठीमागें पाण्यावर कसलीहि खूण राहत नाहीं. उद्यां भरतीबरोबर मासे त्याच वाटेनें आंत येतील, कारण ती वाट मोडलेली नसते. त्या होडीचें सारें कसब व त्या गळाची सारी नजाकत याच शंभर यार्डांवर उभी आहे.